स्वीडनमधील कांहीं आगळीं स्थळें

श्रोतेहो, परदेशच्या प्रवासास निघालेला मनुष्य सामान्यतः त्या त्या देशाचें वैभव पाहावयास जातो. फ्रान्समध्यें गेला तर व्हर्सायचा राजवाडा, इजिप्तमध्यें गेला तर पिरॅमिड, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. यजमानही आपल्या दिवाणखान्यांत जें उत्तम तेवढेंच मांडून ठेवतो, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. आज ज्या देशाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्या देशाची मात्र या बाबतींत एक गंमत आहे. युरोपच्या उत्तर भागांतील हा स्वीडन देश. राजवाडे, प्रार्थनामंदिरें आणि रम्य सरोवरें यांची तेथें वाण नाहीं. परंतु प्रवासी वांकडी वाट करून जीं स्थळें मुद्दाम पाहावयास जातात, त्यांपैकीं कांहीं स्थळें विजयाचीं नव्हेत, तर फजितीचीं, अपघाताचीं आणि चुकलेल्या हिशेबाचीं स्मारकें आहेत. एक बुडालेलें जहाज, एक कोसळलेली खाण, एक वारंवार जळणारा बोकड आणि एक जागा सोडून चाललेलें गांव, अशा चार नवलांची माहिती मी आज सांगणार आहें. राजधानीपासून आरंभ करून आपण क्रमाक्रमानें उत्तरेकडे जाऊं.

स्टॉकहोम ही स्वीडनची राजधानी अनेक बेटांवर वसलेली आहे. त्यांपैकीं यूरगोर्डेन नांवाच्या बेटावर एक संग्रहालय आहे व त्यांत मुख्य वस्तु एकच आहे. ती म्हणजे ‘वासा’ नांवाची लढाऊ नौका. तिची लांबी पुढील आडव्या काठीसह ६९ मीटर असून बुडापासून डोलकाठीच्या टोंकापर्यंतची उंची ५२ मीटर भरते. अंगावर सिंह, योद्धे, देवता आणि राजे यांचीं शेंकडों कोरीव चित्रें आहेत. एवढी डौलदार नौका किती समुद्र हिंडली असेल, असें आपणांस वाटेल. ती उणीपुरी १३०० मीटर चालली.

हकीगत अशी आहे. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताफ आडॉल्फ हा त्या काळीं पोलंडशीं युद्धांत गुंतला होता. त्याला दरारा बसविणारें जहाज हवें होतें व तेंही लवकर हवें होतें. बांधणीचें काम एका डच कारागिराकडे होतें. तो मध्येंच आजारी पडला आणि १६२७ सालीं वारला. काम त्याच्या दुय्यमाकडे आलें. जहाजावर तोफांचे दोन मजले चढविण्यांत आले आणि एकंदर ६४ तोफा बसविण्याचें ठरलें. आतां, जहाज पाण्यावर सरळ उभें राहावें म्हणून त्याच्या तळाशीं दगडांचें ओझें भरावें लागतें. आमच्या कोंकणांतले तांडेल त्याला नीरम म्हणतात. वर तोफांचें वजन वाढलें, तर खालचें वजन आणि जहाजाची रुंदी हीं दोन्हीं त्या मानानें वाढावयास पाहिजेत. वासा वरून जड आणि खालून अरुंद अशी झाली होती. जास्त नीरम भरावें तर जहाज खोल बसून तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकावयाच्या, असा हा पेंच होता.

विशेष हें कीं, धोका कोणाच्या ध्यानांत आला नव्हता असें नाहीं. निघण्यापूर्वीं धक्क्यावरच एक परीक्षा घेण्यांत आली. तीस खलाशांनीं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धांवावयाचें आणि जहाज किती डोलतें तें पाहावयाचें. तीन फेऱ्या होतांच जहाज इतकें कलूं लागलें कीं, पाहणी करणाऱ्या आरमारी अधिकाऱ्यानें परीक्षा थांबविली. जहाज मात्र थांबविलें नाहीं. राजा दूर रणांगणावर होता आणि जहाज ताबडतोब सोडा म्हणून त्याचा तगादा सुरू होता. ता. १० ऑगस्ट १६२८ रोजीं वासा निघाली. किनाऱ्यावर लोकांची गर्दी लोटली होती. खलाशांचीं बायकामुलेंही कांहीं अंतरापर्यंत सोबत म्हणून जहाजावर होतीं. वाऱ्याची पहिली झुळूक आली तेव्हां जहाज कललें आणि कसेंबसें सावरलें. दुसरीनें तें इतकें कललें कीं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें आणि राजाचा हा अभिमान सर्वांच्या डोळ्यांदेखत बंदरांतच तळाला गेला. सुमारें तीस माणसें दगावलीं.

मग चौकशी झाली. कप्तानास विचारलें, कारागिरास विचारलें, तोफखान्याच्या माणसांस विचारलें. प्रत्येकानें आपण आज्ञेप्रमाणें वागलों असें सांगितलें. जहाजाचीं मापें तर खुद्द राजानें मान्य केलेलीं! दोष कोणाचा, हें शेवटीं ईश्वरासच ठाऊक, असें म्हणण्यापर्यंत पाळी आली आणि कोणालाही शिक्षा झाली नाहीं. पुढें १६६४ च्या सुमारास पाणबुड्यांनीं घंटेसारख्या पोकळ पात्रांत उभें राहून बहुतेक तोफा वर काढल्या. हवेचा पुरवठा तेवढ्या पात्रांतलाच, आणि खालीं बत्तीस मीटर खोलीवर मिट्ट काळोख, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या माणसांचें धाडस कळून येतें. त्यानंतर मात्र जहाजाचा विसर पडला.

१९५६ सालीं आंदेर्स फ्रान्झेन नांवाच्या जिज्ञासु गृहस्थानें तें पुन्हां शोधून काढलें. त्याचें अनुमान मोठें मार्मिक होतें. समुद्रांत लांकूड पोखरणारा एक प्राणी असतो. खाऱ्या पाण्यांत तो लांकडी जहाजाचा थोड्याच काळांत भुगा करतो. बाल्टिक समुद्राचें पाणी पुष्कळ अंशीं अळणी आहे व त्यांत हा प्राणी जगत नाहीं; तेव्हां येथें बुडालेलीं जुनीं जहाजें शाबूत असलीं पाहिजेत, असें त्यानें ताडलें आणि तें खरें ठरलें. पाणबुड्यांनीं जहाजाच्या बुडाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओंवले आणि ता. २४ एप्रिल १९६१ रोजीं, म्हणजे ३३३ वर्षांनीं, वासा पुन्हां उजेडांत आली. भिजलेलें लांकूड एकदम वाळलें तर चिरफाळून जातें. म्हणून लांकडांतील पाण्याची जागा घेणारें मेणासारखें एक द्रव्य सतरा वर्षें तिच्यावर फवारण्यांत आलें. आजचें संग्रहालय १९९० सालीं उघडलें.

या जहाजाचें मोजमाप करणाऱ्या संशोधकांना त्याची डावी बाजू उजवीहून जड आढळली. त्याचा उलगडा करण्यास मदत करणारी एक बारीक गोष्ट जहाजांतच सांपडली. ती म्हणजे सुतारांच्या मोजपट्ट्या. कांहीं पट्ट्या स्वीडिश फुटाच्या, म्हणजे बारा इंचांच्या होत्या, तर कांहीं ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या, म्हणजे अकरा इंचांच्या होत्या. एकाच जहाजावर दोन मापांचे कारागीर काम करीत होते! माझा जन्म शाळामास्तरकींत गेला, त्यामुळें या पट्ट्यांविषयीं मला विशेष वाटतें. गणित चुकलें कीं मुलगा पाटीवर चटकन् हात फिरवी, आणि मीही ‘पूस तें’ असें दरडावीत असें. पुसलेल्या गणितांत चूक नेमकी कोठें झाली, हें मग त्यालाही कळत नसे आणि मलाही कळत नसे. स्वीडिश लोकांनीं आपली पाटी न पुसतां राजधानींत टांगून ठेवली आहे.

चुकीपासून शिकणें म्हणजे काय, याचाही पुरावा आतां हातीं आला आहे. त्याच कारागिरानें वासेची जोडनौका ‘एप्लेट’ बांधली. ती १६२९ सालीं पाण्यांत उतरली. ती किंचित् अधिक रुंद होती आणि तिनें सुमारें तीस वर्षें नोकरी बजाविली. अखेर १६५९ सालीं जुनी झाली म्हणून ती वाक्सहोमजवळ मुद्दाम बुडविण्यांत आली. तिचा सांगाडा २०२१ सालीं समुद्रतळाशीं सांपडला आणि पुढच्या वर्षीं त्याची ओळख पटली. यशस्वी जहाज अद्याप पाण्याखालीं आहे आणि फसलेलें जहाज पाहावयास जगांतून लोक येतात, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

स्टॉकहोमहून आगगाडीनें वायव्येस गेलें कीं तीनएक तासांत फालून नांवाचें गांव लागतें. येथें तांब्याची प्रचंड खाण होती. तिच्याविषयींचा सर्वांत जुना लेख १२८८ सालचा आहे. सतराव्या शतकांत युरोपच्या तांब्याचा फार मोठा वांटा या एका खाणींतून निघत असे आणि स्वीडनच्या लढायांचा खर्च बऱ्याच अंशीं त्यावर चालत असे. तांबें इतकें विपुल कीं, नाणींही तांब्याच्या पत्र्यांचीं पाडलीं. १६४४ सालचें दहा डालर किंमतीचें नाणें जवळजवळ वीस किलो भरतें! बाजारांत जावयाचें म्हणजे हातगाडी न्यावयाची. या अडचणीवर उपाय म्हणून १६६१ सालीं स्टॉकहोमच्या एका पेढीनें कागदी नोटा काढल्या आणि त्या युरोपांतील पहिल्या नोटा ठरल्या. पेढीला मोह आवरला नाहीं. तिजोरींत होतें त्याहून अधिक कागद तिनें छापला आणि थोड्याच वर्षांत तिचें दिवाळें वाजलें. तो धडा घेऊन १६६८ सालीं तेथील लोकसभेनें आपल्या देखरेखीखालीं नवी पेढी स्थापिली. तीच आजची स्वीडनची मध्यवर्ती बँक असून जगांतील अशा बँकांमध्यें ती सर्वांत जुनी आहे.

आतां खाणीकडे वळूं. शेंकडों वर्षें जो तो आपापल्या सोयीनें पोखरीत गेला. आधारासाठीं खडकाचे खांब सोडावयाचे, त्यांनाही लोभानें हात लागला. १६८७ सालच्या जून महिन्यांत मध्यग्रीष्माच्या सणाच्या सुमारास खाणींतील पोकळ्यांमधल्या भिंती खचल्या आणि डोंगराचा डोंगर आंत बसला. मजुरांना वर्षांतून ज्या मोजक्या सुट्या मिळत, त्यांपैकीं ही एक होती. खालीं कोणी नव्हतें. एकही जीव गेला नाहीं. कोसळण्यानें जो खड्डा पडला तो आज सुमारें ३५० मीटर रुंद आणि ९५ मीटर खोल आहे. खाणीचें काम १९९२ सालीं बंद झालें आणि २००१ सालीं या जागेची गणना जागतिक वारशांत झाली. प्रवाशांना सुमारें साठ-सत्तर मीटर खालीं उतरून जुन्या बोगद्यांतून हिंडतां येतें. आंत भर उन्हाळ्यांतही थंडी असते, तेव्हां गरम कपडा बरोबर असावा.

याच खाणींतली एक कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १७१९ सालीं मजुरांना एका बुजलेल्या भागांत एका तरुणाचें प्रेत आढळलें. तें इतकें ताजें दिसत होतें कीं, मनुष्य कालपरवांच मेला असावा असें वाटे. परंतु गांवांतला कोणीही तरुण बेपत्ता नव्हता. प्रेत वर आणून ठेवलें. लोक येऊन पाहूं लागले. तेव्हां मार्गारेता ओल्सदोत्तर नांवाची एक वृद्ध बाई पुढें आली आणि तिनें त्याला ओळखलें. तो मॅट्स इस्राएलसन, तिचा वाग्दत्त वर. १६७७ सालीं खाणींत उतरला तो परत आलाच नव्हता. मोरचुदासारख्या क्षारांनीं भारलेल्या पाण्यानें त्याचा देह बेचाळीस वर्षें जसाच्या तसा राखला होता. ती म्हातारी झाली होती आणि तो विशींतलाच राहिला होता. जर्मन लेखकांनीं या प्रसंगावर कथा-काव्यें रचलीं, हें खरें. पण त्या काळच्या लोकांना त्यांत करुणेपेक्षां कुतूहलच अधिक वाटलें असावें, कारण तो देह पुष्कळ काळ प्रदर्शनाची वस्तु होऊन राहिला आणि त्याला अखेरची माती १९३० सालीं मिळाली. आपली चूक उघड मांडणें निराळें आणि दुसऱ्याचें दुःख मांडून ठेवणें निराळें. हा भेद तेथेंही उशिरांच कळला.

खाणींतल्या टाकाऊ मातीचाही त्या लोकांनीं उपयोग केला. तिच्यांत लोहाचा अंश असल्यामुळें ती गेरूसारखी तांबडी होते. ती दळून, पाणी, धान्याचें पीठ आणि जवसाचें तेल यांत शिजवून एक रंग तयार करतात. स्वीडनच्या खेड्यापाड्यांतील लांकडी घरांचा तो ओळखीचा तांबडा रंग तो हाच. खाण बंद पडली तरी रंगाचा कारखाना चालूच आहे.

फालूनहून पूर्वेस समुद्रकांठीं एक शहर आहे. त्याचा उच्चार ‘येव्ले’, जवळजवळ आपल्या येवल्यासारखाच. पण तेथें पैठण्या नाहींत, गवताचा बोकड आहे. नाताळांत गवताचा लहानसा बोकड घरांत मांडण्याची स्कॅन्डिनेव्हियांत जुनी चाल आहे. १९६६ सालीं येव्ल्याच्या व्यापाऱ्यांनीं तेरा मीटर उंचीचा बोकड चौकांत उभा केला. नववर्षाच्या आदल्या रात्रीं कोणीतरी त्याला चूड लावली. तेव्हांपासून दरसाल डिसेंबरांत बोकड उभा राहतो आणि कोणी ना कोणी त्याच्या मागें लागतो. पहारे बसविले, कुंपणें घातलीं, न जळणाऱ्या औषधांत गवत भिजविलें. तरी निम्म्याहून अधिक वर्षीं त्याचा कांहीं ना कांहीं नाश झालाच. १९७६ सालीं त्याच्यावर मोटार आदळली. २००१ सालीं तर एका अमेरिकन पाहुण्यानें, ही येथली मान्य रूढीच आहे अशा समजुतीनें, त्याला आग लावली आणि तुरुंगाची हवा खाल्ली. २०२३ सालीं माणसें थकलीं, तर गवतांत राहून गेलेल्या दाण्यांसाठीं कावळ्यांच्या जातीच्या पांखरांनीं त्याला टोंचून टोंचून उघडा पाडला. इतकें होऊनही गांव दरवर्षीं नवा बोकड बांधतें. जाळणें हा तेथें गुन्हाच आहे, पण चिडून बोकड उभारणेंच सोडून द्यावें असें गांवाला वाटलेलें नाहीं.

येथून रात्रभर आगगाडीनें प्रवास केला कीं आपण उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे किरुना या गांवीं पोहोंचतों. उन्हाळ्यांत येथें कित्येक आठवडे सूर्य मावळत नाहीं आणि ऐन हिवाळ्यांत कांहीं दिवस उगवत नाहीं. १९०० सालीं लोखंडाच्या खाणीसाठीं हें गांव वसविलें गेलें. भूगर्भांतील लोखंडाच्या खाणींत ही जगांतील सर्वांत मोठी समजली जाते. येथील खनिजाचा थर एखाद्या तिरप्या फळीसारखा असून तो खोल जातां जातां गांवाच्या दिशेनें जमिनीखालीं शिरतो. खालचें खनिज काढलें कीं वरचा खडक ढांसळतो आणि जमिनीला पडणाऱ्या भेगा दरसाल गांवाकडे सरकतात. २००४ सालीं खाणवाल्यांनीं कळविलें, कीं गांव हलवावें लागेल. खाण थांबवावी तर गांवाचें पोट जातें, चालू ठेवावी तर गांवाची भूमि जाते. गांवानें भूमि सोडण्याचें ठरविलें. सुमारें तीन किलोमीटर पूर्वेस नवी पेठ बांधण्यांत आली व ती २०२२ सालीं सुरू झाली. जुन्या नगरगृहाचा घड्याळमनोरा तेवढा नव्या इमारतीशेजारीं नेऊन उभा केला.

सर्वांत मोठें नवल घडलें तें २०२५ च्या ऑगस्टमध्यें. १९१२ सालीं बांधलेलें तेथील प्रार्थनामंदिर लांकडी असून त्याचा आकार सामी लोकांच्या झोंपडीवरून सुचलेला आहे. त्याचें वजन ६७२ टन. तें मोडून पुन्हां बांधावें, त्याऐवजीं अखंड उचलून न्यावें असें ठरलें. रस्ता रुंद करण्यांत आला, मंदिराखालीं पोलादी तुळया घालून दोन्हीं बाजूंस चाकांच्या लांबलचक गाड्यांची रांग लावण्यांत आली आणि ता. १९ व २० या दोन दिवसांत, तासाला फार तर अर्धा किलोमीटर या गतीनें, पांच किलोमीटरांचा प्रवास करून तें नव्या जागीं विसावलें. हजारों माणसें रस्त्याच्या दुतर्फा उभीं होतीं. स्वीडनचे राजेसाहेबही आले होते. ज्यांचीं लग्नें आणि ज्यांच्या आईबापांचे अंत्यविधि त्या वास्तूंत झाले, त्यांनीं तिला चालत जातांना पाहिलें. वास्तु वांचली, पण तिच्या भोंवतालचें जुनें गांव वांचलें नाहीं.

किरुनापासून जवळच युकासयेर्वी या खेड्यांत १९८९-९० पासून दर हिवाळ्यांत बर्फाची धर्मशाळा उभी राहते. तोर्ने नदीचें गोठलेलें पाणी चिऱ्यांसारखें कापून काढतात, सांठवितात आणि पुढील हिवाळ्यांत त्याच चिऱ्यांच्या भिंती, खांब आणि पलंग घडवितात. आंत उणे पांच अंशांच्या आसपास थंडी. पाहुणे रेनडियरच्या कातड्यावर जाड पिशवींत शिरून निजतात. वसंत ऋतूंत सारें वितळून नदीस मिळतें आणि पुढच्या वर्षीं नवा कारागीर नवी खोली घडवितो. अलीकडे त्यांतील कांहीं भाग यंत्रानें गार ठेवून वर्षभर राखतात.

श्रोतेहो, ही वाट येथें संपते. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. वासा बुडून चार शतकें होत आलीं. त्या चुकीचें आतां कोणालाच कांहीं द्यावें लागत नाहीं. किरुनाचें तसें नाहीं. खाण आजही चालूच आहे आणि तिच्या लोखंडाला गिऱ्हाईक आहे. ज्या भूमीवर हें सर्व चाललें आहे ती गांव वसण्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या सामी लोकांची रेनडियर चारण्याची भूमि होती. खाण, लोहमार्ग आणि आतां नवें गांव यांनीं त्यांच्या कळपांच्या वाटा एकामागून एक तुटत आहेत, आणि ही तक्रार ते उघडपणें मांडीत आहेत. प्रार्थनामंदिर उचलून नेतां आलें. कळपांची वाट तशी उचलून नेतां येत नाहीं. जुनी चूक कांचेच्या कपाटांत ठेवणाऱ्या या सुज्ञ देशाला चालू असलेला हिशेबही तितक्याच मोकळेपणानें तपासतां येतो किंवा नाहीं, हें किरुनांत पाहावयास मिळेल. आपणांपैकीं कोणास त्या देशीं जाण्याचा योग आला, तर राजवाडे अवश्य पाहावे. पण वासेच्या मोजपट्ट्यांपाशीं घटकाभर थांबावें, आणि किरुनास गेल्यावर नव्या पेठेबरोबर त्या भेगा पडलेल्या जुन्या जमिनीकडेही एकदां पाहून यावें.